व्हर्च्युअलायझेशन लॅब: नवे सर्व्हर क्लस्टरमध्ये घेण्याआधी काय काय तपासावे?

रॅकवाला (धागाकर्ता)

आमची सॉफ्टवेअर चाचणीची लॅब पुण्यातल्या एका कार्यालयाच्या मागच्या खोलीत आहे. जुने होस्ट (व्हीएम चालवणारे सर्व्हर) निवृत्त करून त्यांच्या जागी दोन सॉकेटचे तीन रिफर्बिश्ड सर्व्हर घेतले आहेत आणि त्यांवर प्रॉक्समॉक्सचा (लिनक्सवर आधारलेल्या हायपरव्हायझरचा) क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारा सर्व्हरांचा गट, उभारायचा आहे. सर्व्हर रॅकमध्ये चढवणे, हायपरव्हायझर (एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर) टाकणे आणि पहिले व्हीएम, म्हणजे आभासी यंत्र, सुरू करणे हे काम एका दुपारचे असते, आणि बहुतेक ठिकाणी तपासणीही तिथेच संपते. माझे म्हणणे असे आहे की व्हीएम सुरू झाले म्हणून सर्व्हर तपासला गेला असे होत नाही. सदोष सर्व्हर एकटा असेल तर तो स्वतःपुरता बंद पडतो. तोच क्लस्टरमध्ये गेला की त्याच्यावरून हललेली व्हीएम, त्याच्याकडे गेलेल्या प्रतिकृती आणि कोरमच्या (निर्णयासाठी लागणाऱ्या बहुमताच्या) मतमोजणीतले त्याचे मत या सगळ्यांत तो दोष शिरतो आणि मूळ शोधणे अवघड होऊन बसते. म्हणून प्रत्येक सर्व्हर आधी क्लस्टरबाहेर एकटा ठेवून पुरेसा ताणावा आणि मिळालेले आकडे त्याच्या सिरियल नंबरासह लिहून ठेवावेत, या मताचा मी आहे.

खरेदीच्या वेळीच एक गोष्ट पाहिली. झिऑन ई५-२६०० मालिकेतली व्ही२ पिढी बाजारात अगदी स्वस्त मिळते, पण तिच्यात एव्हीएक्स२ हा प्रोसेसर-सूचनांचा संच नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एक्स८६-६४-व्ही३ ही प्रोसेसरमधल्या किमान सूचनांची पातळी लागते, आणि एव्हीएक्स२ नसेल तर ती पातळी गाठली जात नाही. चाचणीच्या लॅबमध्ये येत्या काही वर्षांतल्या ऑपरेटिंग सिस्टिम चालवून पाहायच्या असतात, त्यामुळे झिऑनच्या व्ही३ पिढीच्या खाली उतरायचे नाही असे ठरवले.

सर्व्हर आल्यावर झाकण उघडून पाहणे हे पहिले काम. रॅमच्या स्टिक कोणत्या खाचांत बसवल्या आहेत हे विक्रेते फारसे पाहत नाहीत. ई५ च्या व्ही३ आणि व्ही४ पिढ्यांत प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे ४ चॅनेल असतात. सगळ्या स्टिक एकाच प्रोसेसरच्या बाजूला भरल्या असतील, तर एकूण आकडा बरोबर दिसतो, पण दुसऱ्या प्रोसेसरला प्रत्येक वेळी शेजाऱ्याकडे हात पसरावा लागतो. त्यानंतर बायॉस, दूरस्थ व्यवस्थापनाची चिप (जिच्यामुळे सर्व्हर नेटवर्कवरून दुरून हाताळता येतो), नेटवर्क कार्ड आणि डिस्क कंट्रोलर यांचे फर्मवेअर चाचण्यांच्या आधी अद्ययावत करावे. नंतर केले तर आधी घेतलेल्या आकड्यांना अर्थ राहत नाही. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल न विचारता बदलावा.

मग मेमरी, डिस्क, प्रोसेसर आणि नेटवर्क, याच क्रमाने. मेमरी आधी, कारण ती सदोष असेल तर पुढच्या कोणत्याच निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

डिस्कच्या बाबतीत स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यातले) ५, १९७ आणि १९८ हे गुण आधी पाहावेत, म्हणजे बदललेले सेक्टर, प्रलंबित सेक्टर आणि दुरुस्त न झालेले सेक्टर. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा बॅकप्लेनचा (डिस्क ज्यात खोचतात त्या फलकाचा) असतो. एसएएस या सर्व्हरच्या जोडणीच्या डिस्कमध्ये हे क्रमांक नसतात. तिथे वाढलेल्या दोषांची यादी पाहावी. नंतर संपूर्ण डिस्कवर लिहून ती परत वाचून पाहावी आणि शेवटी स्मार्टची दीर्घ चाचणी चालवावी. बॅडब्लॉक्स या प्रोग्रॅमने हे काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की ४०९६ बाइटांच्या ब्लॉकवरही तो १६ टेबीबाइटच्या पुढे जात नाही, कारण ब्लॉकची संख्या तो ३२ बिटांत मोजतो. जुन्या स्टोरेज ॲरेतून काढलेल्या डिस्क घेतल्या असतील तर त्यांचे सेक्टर ५२० बाइटांचे असू शकतात. अशी डिस्क कंट्रोलरला दिसते, पण वापरता येत नाही. ती ५१२ वर फॉरमॅट करून घ्यावी लागते आणि त्यात काही तास जातात. डिस्क खराब आहे असे समजून परत पाठवण्याची घाई करू नये.

नेटवर्कसाठी आयपर्फ३ हे वेग मोजणारे साधन सर्व्हरांच्या प्रत्येक जोडीत, दोन्ही दिशांनी. १ गिगाबिटवर सुमारे ९४० मेगाबिट आणि १० गिगाबिटवर सुमारे ९.४ गिगाबिट मिळायला हवेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चाचणीनंतर कार्डावरचे सीआरसी दोषांचे (वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचे) मोजमाप शून्य राहिले आहे का, हे पाहणे.

दोन बाबतींत सदस्यांची मते हवी आहेत: साठवणुकीसाठी सेफ (सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच साठवण) घ्यावा की झेडएफएस (प्रत्येक सर्व्हरवरची स्वतंत्र फाइल-व्यवस्था), आणि पुण्यातला उन्हाळा व वीज लक्षात घेता ताणचाचणी, म्हणजे प्रोसेसर पूर्ण भाराने दीर्घकाळ चालवणे, कशी करावी.

कर्वेनगरकर

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे. एक शंका आहे. सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरी असते आणि ती एका बिटाची चूक स्वतःच दुरुस्त करते. असे असताना मेमटेस्टवर (मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर) वेळ घालवण्यात अर्थ आहे का? २५६ जीबीची एक फेरी संपायलाच कित्येक तास लागतात.

रॅकवाला

आपली शंका रास्त आहे, पण मला तिचा निष्कर्ष उलटा वाटतो. ईसीसी चूक दुरुस्त करते म्हणूनच मेमटेस्टच्या पडद्यावर शून्य दोष दिसू शकतात, आणि तरीही एखादी स्टिक दर तासाला चुका करत असते. त्यामुळे मेमटेस्टचा उपयोग मेमरीवर भार टाकण्यापुरता समजावा आणि निकाल मात्र दूरस्थ व्यवस्थापनाच्या घटना-नोंदीत वाचावा. तिथे दुरुस्त झालेल्या चुका, बहुतेक वेळा स्टिकच्या खाचेच्या नावानिशी, नोंदलेल्या असतात. चाचणीपूर्वी ती नोंदवही रिकामी करावी, नाहीतर आधीच्या मालकाच्या काळातल्या नोंदी आपल्या माथी बसतात. लिनक्सवर आल्यानंतर रासडेमन (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा प्रोग्रॅम) कायम चालू ठेवला म्हणजे हीच नजर पुढेही राहते. वेळेचे म्हणाल, तर मेमटेस्ट रात्रभर एकटा चालतो. त्याच्याजवळ कोणी बसून राहायचे नसते.

विद्युतवेत्ता

सर्व्हरपेक्षा खोलीची तपासणी अधिक निकडीची आहे, असे मी म्हणेन.

प्रत्येक सर्व्हर सरासरी ३०० वॉट खातो असे धरू. तिघांचे ९०० वॉट झाले, म्हणजे दिवसाला २१.६ आणि महिन्याला जवळपास ६५० युनिट. वातानुकूलनाचे युनिट याच्या वर. ९०० वॉटची उष्णता तासाला सुमारे ३,०७० बीटीयू (उष्णतेचे एकक) होते. १ टनाचे यंत्र तासाला १२,००० बीटीयू काढते, त्यामुळे कागदावर ते पुरेसे आहे. परंतु वीज गेली की यूपीएसवर सर्व्हर चालूच राहतात आणि वातानुकूलन बंद पडते. बंद खोलीत ९०० वॉटची शेगडी पेटवल्यासारखी ती अवस्था असते. म्हणून सर्व्हर केव्हा बंद करायचे याचा निर्णय केवळ बॅटरी किती उरली यावर घेऊ नये. आत येणाऱ्या हवेचे तापमान किती वेगाने चढते यावरही घ्यावा. ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने आत येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही मर्यादा सुचवली आहे. ताणचाचणी चालू असताना मुद्दाम वातानुकूलन बंद करावे, तापमान २७ वरून ३५ वर जायला किती मिनिटे लागतात ते मोजावे, आणि आपले वेळापत्रक त्या आकड्यावर बांधावे. ही मोजणी एप्रिल-मेमधल्या दुपारी तीनच्या सुमारास करावी. डिसेंबरात केलेल्या मोजणीवर विसंबू नये.

दुसरी बाब यूपीएसची. सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पॉवर फॅक्टर दुरुस्ती असते, आणि चौकोनी लाटेच्या स्वस्त यूपीएसवर असे काही सप्लाय बॅटरीवर जाताक्षणी बंद होतात. शुद्ध साइन वेव्हचेच यूपीएस घ्यावे. घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवणारी मंडळी मी पाहिली आहेत. निदान त्यांनी इन्व्हर्टरच्या मागचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे, कारण साध्या मोडमध्ये बदलाला लागणारा वेळ पॉवर सप्लायला झेपेलच असे नाही. व्हीए आणि वॉट हे दोन आकडे वेगळे आहेत, हेही खरेदीच्या वेळी पाहावे. नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर बसवून यूपीएसचा निरोप तिन्ही सर्व्हरपर्यंत पोहोचतो का, ते प्रत्यक्ष मेन स्विच पाडून तपासावे.

अर्थिंगचे मोजमाप वायरमनकडून करून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात २-३ व्होल्टांपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी ते दुरुस्त करावे. जुन्या इमारतींत हे हमखास निघते. वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा सर्ज संरक्षक नसलेल्या जोडणीतून नेटवर्कचे पोर्ट आधी जातात.

अवांतर: दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पुण्यातली पद्धत आपणा सर्वांना ठाऊक आहे. डिस्कवर लिहून वाचण्याची लांबलचक चाचणी बुधवारी रात्री सुरू करू नये.

अणुरेणू

साठवणुकीबद्दल. तीन नोडचा (क्लस्टरमधल्या तीन सर्व्हरचा) सेफ चालतो, पण त्यात हातचे काही उरत नाही. तीन प्रती ठेवायच्या म्हणजे एकूण जागेची एक तृतीयांश जागा हाती येते. एक नोड बंद पडला तर उरलेल्या दोन प्रतींवर काम चालू राहते, परंतु तिसरी प्रत पुन्हा बनवायला चौथा नोडच नसतो, त्यामुळे तो परत येईपर्यंत क्लस्टर अपुऱ्या अवस्थेतच राहतो. त्या काळात दुसरा नोड गेला तर किमान २ प्रतींच्या अटीमुळे लिहिणे-वाचणे थांबते. शिवाय घड्याळांत ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक पडला तरी सेफ इशारा देऊ लागतो, म्हणून आपण सेल बदलण्याचे जे म्हटले आहे ते योग्यच आहे.

चाचणीच्या लॅबसाठी मी प्रत्येक नोडवर झेडएफएस आणि नोडांमध्ये प्रॉक्समॉक्सचे रेप्लिकेशन (ठरावीक वेळाने दुसऱ्या नोडवर प्रत पाठवणे) सुचवेन. दोन प्रतींमधले त्याचे मूळ अंतर १५ मिनिटांचे असते. नोड गेला तर शेवटच्या प्रतीनंतरचे काम बुडते, पण चाचणीची व्हीएम पुन्हा तयार करता येतात, त्यामुळे ते परवडते. दोन अटी मात्र पाळाव्यात. रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र बांधणारे कार्ड) एचबीए मोडमध्ये हवा, म्हणजे डिस्क झेडएफएसला थेट दिसतील. आणि मेमरीचा हिशेब करताना झेडएफएसचा एआरसी (मेमरीतली कॅश) धरावा: पूर्वी तो होस्टच्या निम्म्या मेमरीपर्यंत वाढत असे, प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्या मांडणीत तो १० टक्के आणि कमाल १६ जिबीबाइट इतका मर्यादित केला आहे. जुन्या आवृत्तीवरून वर चढवलेल्या होस्टवर ही मर्यादा आपोआप लागत नाही.

एसएसडीची चाचणी करताना एफआयओ या वेग मोजणाऱ्या साधनाला ४ किलोबाइटचे, एका रांगेचे, प्रत्येक वेळी सिंक (मजकूर डिस्कवर पोहोचल्याची खात्री) मागणारे लेखन करायला सांगावे. वीज गेल्यावर आतला मजकूर सांभाळणारे कपॅसिटर ज्या एसएसडीत असतात त्या इथे सेकंदाला हजारोंनी लेखने करतात, तर घरगुती एसएसडी, खोक्यावर लाखांचे आकडे असूनही, अनेकदा काही शेकड्यांवर येतात. चाचणी दीर्घ चालवावी. घरगुती डिस्कची पहिली काही मिनिटे एसएलसी कॅशमुळे (आतल्या जलद पण लहान भागामुळे) सुरेख जातात आणि कॅश भरली की आकडा कोसळतो. मिनिटभराच्या चाचणीत हे कळतच नाही.

नवशिकी

मी शिकण्यासाठी घरी एकाच सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स चालवते. प्रोसेसर व्ही४ पिढीचा आहे. तरीही रेड हॅट १० च्या धर्तीचे एक वितरण व्हीएममध्ये बसवताना ते सुरुवातीलाच थांबते आणि प्रोसेसर एक्स८६-६४-व्ही३ ला आधार देत नाही असा संदेश येतो. मेमरी आणि डिस्क दोन्ही तपासून झाल्या आहेत. सर्व्हर सदोष असू शकतो का?

रॅकवाला

सर्व्हर सदोष नाही. व्हीएमला खरा प्रोसेसर दिसत नाही, आपण निवडलेला प्रोसेसर-प्रकार दिसतो. प्रॉक्समॉक्स ८ पासून नव्या व्हीएमसाठी एक्स८६-६४-व्ही२-एईएस हा प्रकार आपोआप निवडला जातो, त्यामुळे खालच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ असूनही व्हीएमपर्यंत ते पोहोचत नाही. प्रकार बदलून एक्स८६-६४-व्ही३ करावा आणि व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे. आतून रीबूट केल्याने बदल लागू होत नाही. अल्मालिनक्स १० ची व्ही२ पातळीची वेगळी बांधणीही उपलब्ध आहे, पण आपल्या प्रोसेसरवर तिची गरज नाही.

पुष्कळ ठिकाणी अशा वेळी होस्ट हा, खरा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवणारा, प्रकार निवडण्याचा सल्ला दिला जातो. आपला सर्व्हर एकटा आहे तोवर त्यात काही वावगे नाही. क्लस्टरमध्ये मात्र नोडांचे प्रोसेसर वेगवेगळ्या पिढ्यांचे असतील, तर होस्ट प्रकाराचे चालू व्हीएम एका नोडवरून दुसऱ्यावर नेताना ते कोसळू शकते, कारण पहिल्या प्रोसेसरवर पाहिलेली सूचना दुसऱ्यावर नसते. म्हणून सगळ्यांत जुन्या नोडला जी पातळी झेपते तीच सर्व व्हीएमना द्यावी. स्थलांतराची चाचणीही दोन्ही दिशांनी करावी, कारण जुन्याकडून नव्याकडे सुखरूप गेलेले व्हीएम परत येताना अडते.

मुळाकाठ

मूळ निर्णयाबद्दलच एक प्रश्न. ईएसएक्सआयची (व्हीएमवेअरच्या हायपरव्हायझरची) मोफत आवृत्ती पुन्हा मिळू लागली आहे. लोकांच्या हाताला व्हीएमवेअरची सवय आहे. मग स्थलांतराचा खटाटोप कशासाठी?

रॅकवाला

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत ईएसएक्सआयही बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई च्या रूपाने ती परत आली, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण मोफत आवृत्ती व्हीसेंटरला (अनेक होस्ट एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडता येत नाही, त्यामुळे चालू व्हीएम हलवणे आणि क्लस्टर या दोन्ही गोष्टी तिच्यात नाहीत. एकट्या होस्टवर अभ्यास करायचा असेल तर ती अवश्य घ्यावी. आम्हाला तीन नोड एकत्र हवे आहेत. प्रॉक्समॉक्स ज्याच्या आधारे व्हीएम चालवतो तो केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलचा भाग आहे आणि प्रॉक्समॉक्सची पहिली आवृत्ती २००८ ची आहे, त्यामुळे नवखेपणाची भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही. २०२४ मध्ये आलेल्या आयात सुविधेमुळे ईएसएक्सआयवरची व्हीएम थेट ओढून घेता येतात. फक्त विंडोजच्या व्हीएममध्ये व्हर्टआयओचे (व्हीएमच्या आभासी डिस्कचे व नेटवर्कचे) ड्रायव्हर आधी बसवावेत, किंवा आयातीनंतर डिस्क तात्पुरती साटा या जोडणीवर ठेवावी. नाहीतर बूट डिस्क सापडत नसल्याचा निळा पडदा येतो.

जुना प्रशासक

धाग्यात एक गोष्ट निसटते आहे. रिफर्बिश्ड सर्व्हरच्या दूरस्थ व्यवस्थापनाच्या चिपवर पूर्वीच्या मालकाची खाती, प्रमाणपत्रे आणि नेटवर्कची मांडणी राहिलेली असते. ती कारखान्यातल्या मूळ स्थितीला न्यावी आणि लगेच पासवर्ड बदलावा, कारण जुन्या सर्व्हरचे मूळ पासवर्ड सर्वांना पाठ आहेत. पासवर्ड बदलला तरी निर्धास्त होऊ नये. आयपीएमआय २.० या, चिपशी बोलण्याच्या प्रोटोकॉलच्या ओळखपडताळणीची रचनाच अशी आहे की खात्याचे नाव सांगणाऱ्या कोणालाही पासवर्डचा हॅश मिळतो, आणि त्यावरून पासवर्ड शोधून काढता येऊ शकतो. ते फर्मवेअर बदलून सुटणारे नाही. म्हणून या चिपच्या पोर्टसाठी वेगळे व्हीलॅन (स्वतंत्र आभासी नेटवर्क) करावे, ते इंटरनेटपर्यंत पोहोचू देऊ नये आणि आयपीएमआयची गरज नसेल तर ते बंद ठेवावे.

कोरोसिंकसाठीही (नोड ज्याद्वारे एकमेकांशी संपर्क ठेवतात त्या सेवेसाठीही) वेगळी जोडणी द्या. त्याला वेग फारसा लागत नाही, उत्तर मिळायला उशीर मात्र खपत नाही. बॅकअपच्या वेळी तीच तार भरून गेली की सगळे नोड धडधाकट असूनही एकमेकांना मृत समजू लागतात. तीन नोडांत दोन मते लागतात, हे आपण जाणताच. ज्यांच्याकडे दोनच नोड आहेत त्यांनी तिसऱ्या मतासाठी एखाद्या रास्पबेरी पायवर क्यूडिव्हाइस चालवावे.

रॅकवाला

सर्वांचे आभार. झेडएफएस आणि रेप्लिकेशन घेण्याचे निश्चित केले आहे. कोरोसिंकला प्रत्येक सर्व्हरवरचे १ गिगाबिटचे एक पोर्ट स्वतंत्र स्विचवर दिले आहे, आणि रेप्लिकेशन व स्थलांतर १० गिगाबिटवर ठेवले आहे. तिथे ९००० चा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) लावला असल्याने तुकडे न पाडता ८९७२ बाइटांचा पिंग प्रत्येक जोडीत जातो का, तेही तपासणीच्या यादीत घातले आहे. एका पोर्टवर १५०० राहून गेले तर लहान पिंग जातो आणि स्थलांतर मात्र अर्ध्यात लटकते.

एकेकट्या तपासणीनंतर तिन्ही सर्व्हर क्लस्टरमध्ये येतील, पण लॅबच्या लोकांना लगेच प्रवेश मिळणार नाही. आधी हे करायचे आहे. एचए लावलेली (नोड बंद पडल्यास दुसऱ्यावर आपोआप सुरू होणारी) काही व्हीएम पहिल्या नोडवर ठेवून त्याच्या दोन पॉवर सप्लायपैकी एकाची वायर काढायची आणि दुसरा सप्लाय पूर्ण भार पेलतो का ते पाहायचे. नंतर दुसरी वायरही काढायची. उरलेल्या दोघांनी थोड्या मिनिटांत ती व्हीएम उचलायला हवीत आणि त्यांतला मजकूर शेवटच्या रेप्लिकेशनइतकाच जुना असायला हवा. मग नोड चालू ठेवून फक्त कोरोसिंकची तार काढायची. या दुसऱ्या प्रकारात एचए चालू असलेला नोड कोरम हरपल्यामुळे वॉचडॉगकरवी (प्रतिसाद थांबला की यंत्र रीबूट करणाऱ्या घड्याळाकरवी) सुमारे मिनिटभरात स्वतःच रीबूट होतो. ते अपेक्षित आहे, बिघाड नव्हे. तो रीबूट झालाच नाही तर काळजी करावी, कारण मग तेच व्हीएम दोन ठिकाणी चालू राहण्याचा धोका उरतो.

एखादा नोड या चाचणीत नापास झाला तर तो आधी बंद करायचा, मग उरलेल्या नोडवरून क्लस्टरमधून वगळायचा, आणि डिस्क कोऱ्या करून नव्याने मांडणी केल्याशिवाय त्याच नेटवर्कवर पुन्हा चालू करायचा नाही. मेन स्विच पाडण्याची चाचणी विद्युतवेत्ता यांनी सांगितल्याप्रमाणे वातानुकूलन बंद ठेवून करणार आहोत. तापमानाचे आकडे मिळाले की याच धाग्यावर देईन.

विद्युतवेत्ता

तापमापक रॅकच्या दरवाज्यावर लावू नये. सगळ्यांत वरच्या सर्व्हरच्या पुढच्या जाळीपाशी लावावा, कारण गरम हवा वर जमून पुन्हा त्याच सर्व्हरमध्ये ओढली जाते. रॅकमधल्या रिकाम्या जागांवर झाकणपट्ट्या बसवलेल्या नसतील तर त्या आधी बसवून घ्याव्यात.